उकिडव्या गुडघ्याचं गणित

हिंगोली जिल्ह्यातल्या सेनगाव तालुक्यात गोरेगाव आहे. सोयाबीन, तूर, कापूस, हळद ही या पट्ट्यातली पिकं. त्यांची निंदणी-खुरपणी बहुतेक बायकाच करतात, आणि तीही उकिडवं बसून, ओळीमागून ओळ सरकत. वय पन्नाशीकडे झुकलं की ‘टोंगळे धरले’ ही तक्रार घरोघरी ऐकू येते. दवाखान्यात फोटो काढला की ‘गादी झिजली’ एवढं कळतं. ती कुठल्या भारानं झिजली, आधी कुठल्या कोपऱ्यात झिजली आणि आणखी किती वर्षं टिकेल, हे त्या फोटोत दिसत नाही.

हे सांगू पाहणारं एक शास्त्र गेल्या साडेचार दशकांत उभं राहिलं आहे. गुडघ्याचं हुबेहूब मॉडेल संगणकात बांधायचं, त्यावर चालण्याचा, जिना उतरण्याचा, बसण्या-उठण्याचा भार टाकायचा आणि कूर्चेत, म्हणजे त्या गादीत, दाब, ताण आणि पाणी कसं फिरतं ते पाहायचं. या कामाचा आज आढावा घेतला तर हिशेब साधारण असा निघतो: कूर्चा या पदार्थाचं गणित बरंच पक्कं आहे, तिच्यावर पडणाऱ्या भाराचं गणित अर्धं जमलं आहे, आणि उकिडव्या बैठकीचं पान जवळपास कोरं आहे. गोरेगावच्या गुडघ्याला नेमकं तेच पान हवं आहे.

पाणी भार उचलतं

मांडीचं हाड आणि नडगीचं हाड जिथे भेटतात, तिथे दोन्हींच्या टोकांवर साधारण 2 ते 4 मिलिमीटर जाडीचा पांढरा, गुळगुळीत थर असतो. ती कूर्चा. तिच्यात रक्तवाहिन्या नाहीत आणि मज्जातंतूही नाहीत. त्यामुळे झीज सुरू झालेली कळत नाही आणि झालेली झीज भरून निघत नाही. बिघडलेली कूर्चा पुन्हा पूर्ववत होत नाही, हे निरीक्षण लंडनचे शरीररचनातज्ज्ञ विल्यम हंटर यांनी 1743 मध्येच नोंदवलं होतं. कूर्चेतलं कोलॅजेन इतक्या सावकाश बदलतं की त्यातलं निम्मं नवं व्हायला शंभराहून अधिक वर्षं लागतील. व्यवहारात तरुणपणी जे कोलॅजेन मिळालं त्यावरच जन्म काढायचा.

कूर्चेच्या वजनात 65 ते 80 टक्के पाणी असतं. उरलेल्या भागात कोलॅजेनचे तंतू आणि त्यांच्या जाळ्यात अडकलेले प्रोटिओग्लायकनचे मोठे रेणू. पेशी अगदी थोड्या. पाणी निथळल्यावर उरणाऱ्या या सांगाड्याचा ताठरपणा मोजला तर तो एक मेगापास्कलच्या आतबाहेर येतो. साध्या चालण्यात मात्र गुडघ्याच्या पृष्ठभागावर काही मेगापास्कल दाब पडतो. इतका मऊ सांगाडा सत्तर वर्षं चिरडल्याशिवाय टिकतो कसा, हा या विषयातला पहिला मोठा प्रश्न होता.

त्याचं उत्तर मातीच्या शास्त्रातून आलं. ओल्या चिकणमातीवर इमारत उभी राहिली की सुरुवातीला तिचा भार मातीच्या कणांऐवजी त्यांच्यामधलं पाणी पेलतं. पाणी हळूहळू बाहेर पडतं, तसा भार कणांवर येतो आणि इमारत खचते. कार्ल टेर्झागी यांनी 1920 च्या दशकात हा सिद्धांत मांडला आणि मॉरिस बिओ यांनी 1941 मध्ये त्याला पूर्ण त्रिमितीय रूप दिलं. 1980 मध्ये अमेरिकेत व्हॅन मौ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याच विचाराला समांतर असा ‘द्विप्रावस्था’ सिद्धांत कूर्चेसाठी मांडला: एक प्रावस्था सांगाड्याची, दुसरी पाण्याची, आणि दोघांमधलं घर्षण. पुढे जेरार्ड अटेशियन यांच्या प्रयोगांनी दाखवलं की भार पडल्यानंतरच्या पहिल्या क्षणांत त्यातला 90 टक्क्यांहून अधिक वाटा पाण्याच्या दाबावर असतो. सांध्यातलं घर्षण इतकं कमी का, याचंही मोठं कारण हेच. ‘गुडघ्यातलं ग्रीस संपलं’ असं आपण सहज म्हणतो. पण वंगणाइतकंच, बहुधा त्याहूनही जास्त काम कूर्चेत कोंडलेलं पाणी करत असतं.

पाणी किती वेळ कोंडलेलं राहतं याचा अंदाज कागदावर काढता येतो. थराच्या जाडीच्या वर्गाला ताठरपणा आणि पाझर यांच्या गुणाकारानं भागायचं. जाडी 2 मिलिमीटर, ताठरपणा 0.7 मेगापास्कल आणि मोजमापांतून मिळालेला अतिशय कमी पाझर धरला, तर उत्तर दीड तासाच्या आसपास येतं. एक पाऊल टाकायला एक सेकंद लागतो, म्हणून चालताना पाण्याला निसटायला वेळच मिळत नाही. तासन्‌तास एकाच ठिकाणी दाब राहिला तर मात्र भार सांगाड्याकडे सरकू लागतो. हा अंदाज ढोबळ आहे, पण चालणं आणि ताटकळत दाबून बसणं हे कूर्चेच्या दृष्टीनं दोन वेगळे भार आहेत, हे त्यातून स्पष्ट होतं.

मराठवाड्याच्या काळ्या मातीशी आणखी एक नातं निघतं. ही माती पावसात फुगते, कारण तिच्या सूक्ष्म पापुद्र्यांवर ऋण विद्युतभार असतो. तो क्षारांचे आयन आणि त्यांच्यामागून पाणी ओढून घेतो. कूर्चेतल्या प्रोटिओग्लायकनवरही असाच ऋणभार असतो. तो मोजण्याचं पायाभूत काम अ‍ॅलिस मारूडास यांनी केलं. मग 1991 मध्ये लाय, हौ आणि मौ यांनी आयन ही तिसरी प्रावस्था गणितात आणली. कोलॅजेनचे तंतू खाली हाडाशी उभे असतात, वर येताना कमानीसारखे वळतात आणि पृष्ठभागाशी आडवे होतात, हे बेनिंगहॉफ यांनी 1925 मध्ये दाखवलं होतं. ही रचना मॉडेलमध्ये नीट उतरायला 1999 पर्यंत थांबावं लागलं. त्या वर्षी माँट्रियलच्या गटानं तंतूंनी मजबूत केलेलं मॉडेल मांडलं आणि 2004 मध्ये नेदरलँड्समधल्या आइंडहोव्हनच्या विल्सन यांच्या गटानं कमानींची दिशाही त्यात घातली.

या सगळ्यातून झिजेचं दुष्टचक्र समजतं. पृष्ठभागावरचे तंतू विस्कटले आणि प्रोटिओग्लायकन घटले की पाझर वाढतो. पाणी लवकर निसटतं, भार सांगाड्यावर लवकर येतो आणि तंतू आणखी तुटतात. पदार्थाच्या पातळीवर हे चित्र आता इतकं सुसंगत आहे की त्यावर फारसा वाद उरलेला नाही.

आकार: एमआरआयपासून जाळीपर्यंत

पुढची पायरी आकाराची. एमआरआयच्या कापांमधून हाडं, कूर्चा, अस्थिबंध आणि मेनिस्कस या चकत्या वेगळ्या काढायच्या, मग प्रत्येक भागाचे हजारो लहान तुकडे करायचे आणि प्रत्येक तुकड्याची समीकरणं एकत्र सोडवायची. ही फायनाइट एलिमेंट पद्धत मुळात विमानांच्या रचनेसाठी आली. तिला हे नाव रे क्लफ यांनी 1960 मध्ये दिलं. पूल, धरणं आणि मोटारी यांच्यासाठी आज तीच वापरतात.

गुडघ्यात तिची कसोटी लागते. कूर्चा इतकी पातळ आहे की एमआरआयच्या चित्रात तिच्या जाडीत मोजकेच ठिपके बसतात. एका ठिपक्याची चूक म्हणजे जाडीत लक्षणीय फरक, आणि जाडी बदलली की दाबाचं उत्तर बदललं. मेनिस्कस नीट न धरला तर मॉडेलच फसतं. पायावर येणाऱ्या भाराचा निम्म्याहून अधिक वाटा या चकत्या पसरवून घेतात. मेनिस्कस काढलेल्या गुडघ्यांच्या क्ष-किरण चित्रांत पुढे बदल दिसतात, हे फेअरबँक यांनी 1948 मध्ये दाखवलं होतं; मॉडेलनं त्यामागचं यंत्र उलगडलं. चकती गेली की स्पर्शाचं क्षेत्र आकसतं आणि दाब थेट कूर्चेवर येतो.

एकेका गुडघ्याचे काप हातानं रंगवायला पूर्वी दिवस जात. आता यंत्रशिक्षणानं ते काम पुष्कळ सोपं केलं आहे. साधनंही मोकळी झाली आहेत. युटा आणि कोलंबिया विद्यापीठांच्या गटांनी बनवलेलं फेबायो हे सॉफ्टवेअर खास अशा पाणीधारी पदार्थांसाठी आहे आणि संशोधनासाठी ते मोफत मिळतं. अमेरिकेतल्या क्लीव्हलँड क्लिनिकमध्ये अहमत एर्देमिर यांनी ‘ओपन नी’ या नावानं गुडघ्याची तयार मॉडेल आणि त्यामागची मोजमापं सर्वांसाठी खुली केली. नांदेडच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातला विद्यार्थी आज ती उतरवून घेऊन चालवू शकतो. संगणकाची अडचण आता मुख्य अडचण राहिलेली नाही.

भार: कृत्रिम गुडघ्यांनी दिलेली साक्ष

जिवंत माणसाच्या गुडघ्यात किती बल येतं हे बाहेरून मोजता येत नाही. पाय जमिनीला किती रेटतो ते कळतं, पण गुडघ्यावरचा मोठा भार स्नायूंच्या ओढीतून येतो. सुटकेची वाट कृत्रिम सांध्यांनी दाखवली. सांधेबदल केलेल्या काही रुग्णांच्या सांध्यात संवेदक आणि रेडिओ बसवले गेले. बर्लिनच्या शारिटे रुग्णालयातल्या गटानं 2010 मध्ये दिलेले आकडे आजही पायाभूत मानले जातात: सपाटीवर चालताना शरीराच्या वजनाच्या सुमारे 2.6 पट, जिना चढताना 3.2 पट, उतरताना जवळपास 3.5 पट.

याच आकड्यांवर मॉडेलची परीक्षा झाली. फ्रेगली यांच्या पुढाकारानं 2010 पासून काही वर्षं एक खुली स्पर्धा चालली. रुग्णाच्या चालीची सगळी माहिती द्यायची, सांध्यातल्या संवेदकाचे आकडे झाकून ठेवायचे आणि गटांना बल किती ते आधी सांगायला लावायचं. नंतर पाकीट उघडायचं. बलाच्या वाढ-घटीचा आकार बहुतेकांना जमला, नेमकं मूल्य चुकलं. खऱ्या आकड्यांशी ताडून पाहून सुधारलेली भाकितं, अर्थातच, बरी निघाली. म्हणून भाराचं गणित अर्धं जमलं म्हणायचं. शिवाय ही सगळी साक्ष सांधा बदललेल्या, वयस्कर आणि पाश्चात्त्य रुग्णांची आहे, आणि ती चालणं, जिना, खुर्चीतून उठणं अशा हालचालींची आहे.

157 अंश

आता खुरपणीकडे येऊ. चालताना गुडघा साधारण 60 अंशांपर्यंत वाकतो. हेमरिक आणि सहकाऱ्यांनी 2006 मध्ये भारतीय व्यक्तींच्या उकिडवं बसण्याची, मांडी घालण्याची आणि गुडघे टेकण्याची मोजमापं प्रसिद्ध केली. टाचा उचलून उकिडवं बसताना गुडघा सरासरी 157 अंश वाकत होता. दुसऱ्या बाजूला, स्टॅनफर्डच्या ओपनसिम या जगभर वापरल्या जाणाऱ्या सॉफ्टवेअरमधलं संपूर्ण शरीराचं लोकप्रिय मॉडेल 120 अंशांपर्यंतच वाकत होतं. 2017 मध्ये ते सुधारून 140 पर्यंत नेलं. म्हणजे जगाच्या नेहमीच्या अवजाराचा गुडघा गोरेगावच्या बाईइतका वाकतच नाही.

हा फरक केवळ अंशांचा नाही. 140 च्या पुढे गुडघ्याचं यांत्रिक चित्रच पालटतं. मांडीच्या हाडाचा मागचा गोल भाग नडगीच्या मागच्या कडेवर सरकतो, स्पर्शाचं क्षेत्र आकसतं आणि मेनिस्कसचं मागचं टोक दाबलं जातं. त्याच वेळी मांडी पोटरीवर टेकते आणि काही भार सांध्याला वगळून स्नायूंमधूनच उतरतो. नेदरलँड्समधल्या झेले यांच्या गटानं 2007 मध्ये मोजलं तेव्हा हा मांडी-पोटरीचा आधार प्रत्येक पायाला शरीराच्या वजनाच्या 30 टक्क्यांहून जास्त निघाला. जी मॉडेल हा आधार धरत नाहीत ती खोल बैठकीत गुडघ्यावरचा भार वाढवून सांगतात. त्यामुळे ‘उकिडवं बसलं की गुडघ्याचं वाटोळं’ हे सरसकट विधान गणितातून निघत नाही. बसून राहणं, बसता-उठता होणारा भार, आणि बसल्याबसल्या पुढे सरकणं या तीन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि तिसरीचं मॉडेल शोधून सापडणं कठीण.

साथरोगशास्त्राचे पुरावे मात्र काळजी वाढवतात. बीजिंगमधल्या 2004 च्या अभ्यासात, पंचविशीत दिवसाला तीन तास किंवा अधिक उकिडवं बसणाऱ्यांत गुडघ्याची झीज, अर्ध्या तासाहून कमी बसणाऱ्यांच्या तुलनेत, दुपटीच्या आसपास आढळली. म्युनिकच्या फेलिक्स एक्स्टाइन यांच्या गटानं एमआरआयमध्ये पाहिलं की 30 बैठकांनंतर वाटीमागची कूर्चा सुमारे 6 टक्क्यांनी दबते आणि 100 बैठकांनंतर पूर्ववत व्हायला तिला दीड तासाहून अधिक वेळ लागतो. वर काढलेल्या दीड तासाच्या अंदाजाशी हे जुळतं, आणि दिवसभराच्या खुरपणीत कूर्चेला सावरायला वेळ मिळतो का, हा खरा प्रश्न पुढे येतो.

भाकीत करता येतं का?

2016 मध्ये फिनलंडच्या कुओपिओ इथल्या मोनोनेन, कोर्होनेन आणि सहकाऱ्यांनी धाडसी पाऊल टाकलं. मॉडेलला चालायला लावायचं, जिथे ताण ठरावीक मर्यादेपलीकडे जाईल तिथलं कोलॅजेन थोडं कमकुवत करायचं आणि हेच पुन्हा पुन्हा करायचं. वजन जास्त असलेल्या गटात मॉडेलनं दाखवलेली झीज चार वर्षांनंतरच्या क्ष-किरण श्रेणींशी जुळली. वजन आटोक्यात असलेल्यांची कूर्चा मॉडेलमध्येही शाबूत राहिली. माहिती होती ऑस्टिओआर्थ्रायटिस इनिशिएटिव्ह या प्रकल्पाची, ज्यात 4,796 जणांचा अनेक वर्षं पाठपुरावा झाला. हे सगळे अमेरिकेतले. मॉडेलनं चालवलं तेही चालणंच.

दुसरा सावधगिरीचा इशारा खुद्द या क्षेत्रानंच दिला. एर्देमिर आणि इतरांनी पाच नावाजलेल्या गटांना सारख्याच गुडघ्यांची सारखीच माहिती दिली आणि प्रत्येकानं आपापल्या पद्धतीनं मॉडेल बांधलं. 2019 मध्ये त्यांनी या प्रयोगाची मांडणी प्रसिद्ध केली आणि मॉडेल बांधण्यातल्या ‘कारागिरी’चा मुद्दा पुढे आणला: अस्थिबंध आधीच किती ताणलेला धरायचा, कूर्चेला कुठला नियम लावायचा, काय वगळायचं, हे निर्णय माणूस घेतो आणि उत्तर त्यांवर हलतं. म्हणून एकाच गुडघ्यावर दोन उपायांची तुलना करायला ही मॉडेल भरवशाची आहेत. सुटा आकडा सांगून ‘एवढ्या वर्षांत गुडघा जाणार’ म्हणायला अजून नाहीत.

महाराष्ट्राच्या बाजूनं

आपल्याकडे या प्रश्नाचे तुकडे वेगवेगळ्या ठिकाणी आहेत. गावपातळीवरच्या दुखण्याची मोजणी पुणे जिल्ह्यातल्या भिगवणला झाली. डॉ. अरविंद चोप्रा यांच्या गटानं 1996 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेशी निगडित पद्धतीनं घरोघर फिरून पाहणी केली, तेव्हा सुमारे 18 टक्के प्रौढांना हाडं-सांधे-स्नायूंचं दुखणं होतं. आपल्या बसण्याच्या सवयीचा विचार शस्त्रक्रियेत आणला पुण्याच्या डॉ. कांतिलाल संचेती यांनी. त्यांचा ‘इंडस’ हा भारतात रचलेला कृत्रिम गुडघा, रुग्णाला जास्त वाकता यावं, जमिनीवर बसता यावं या हेतूनं घडवलेला. मुंबईच्या आयआयटीत प्रा. बी. रवी यांच्या ऑर्थोकॅड प्रयोगशाळेनं हाडाच्या कर्करोगाच्या रुग्णांसाठी देशी गुडघ्याच्या रचनेवर संगणकाधारित काम केलं आणि तिथेच 2014 मध्ये वैद्यकीय उपकरणांसाठी बेटिक हे केंद्र उभं राहिलं. सांधेबदल परवडावा म्हणून केंद्र सरकारनं ऑगस्ट 2017 मध्ये किमतीला चाप लावला. नेहमीच्या कोबाल्ट-क्रोमियमच्या गुडघ्याची सरासरी 1,58,324 रुपयांची किंमत 54,720 रुपयांवर आली. आणि शेतकरी महिलांचे काबाडकष्ट कमी करणाऱ्या अवजारांवर परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठात अनेक वर्षं काम झालं आहे.

मोजणी, शस्त्रक्रिया, रचना, अवजारं, असे चारही धागे आहेत. ते कूर्चेच्या मॉडेलपाशी एकत्र आलेले नाहीत. बहुतेक बळ खराब झालेला गुडघा बदलण्यावर लागलं. तो खराब होण्याआधीची वीस वर्षं मोकळी राहिली. मॉडेलचा खरा उपयोग त्या वीस वर्षांत आहे.

पुढची मोजमापं

त्यासाठी तीन गोष्टी लागतील. पहिली, हालचाल. स्टॅनफर्डच्या ओपनकॅपसारख्या साधनानं, ज्याचा शोधनिबंध 2023 मध्ये आला, दोन स्मार्टफोनच्या चित्रणातून सांध्यांची हालचाल आणि बलांचा अंदाज मिळतो. त्यामुळे प्रयोगशाळा शेताच्या बांधापर्यंत नेता येईल. मात्र लुगड्यात झाकलेला गुडघा आणि पिकाच्या ओळी कॅमेऱ्याला अडवतील, आणि मांडी-पोटरीचा आधार दाबपट्ट्यांनी वेगळा मोजावा लागेल. दुसरी, आकार. हिंगोलीला 2024 मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं, नांदेडचं आधीपासून आहे. दुखणं सुरू न झालेल्या, विशी-तिशीतल्या खुरपणाऱ्या बायकांचे एमआरआय, आणि तेही जमेल तितका गुडघा वाकवून, मिळाले तर मागच्या कडेवरच्या कूर्चेचा नकाशा तयार होईल. तिसरी, वेळ. दिवसात किती मिनिटं सलग बसणं, किती वेळा उठणं, केव्हा विसावा. पाण्याच्या गणितात या तिसऱ्या गोष्टीचं वजन पहिल्या दोहोंइतकंच आहे, आणि ती मोजायला वही-घड्याळ पुरतं.

मग मॉडेलला असे प्रश्न विचारता येतील ज्यांची उत्तरं उपयोगी पडतील. तासाला पाच मिनिटं उभं राहिल्यानं कूर्चेतलं पाणी किती परततं? बुटक्या पाटावर बसून खुरपलं तर मागच्या कडेवरचा दाब किती घटतो? उभ्यानं चालवायच्या कोळप्यानं गुडघा वाचतो, पण कंबरेवर किती जातं? हे तुलनेचे प्रश्न आहेत, आणि वर पाहिल्याप्रमाणे आजची मॉडेल तुलनेतच बलवान आहेत. तोवर वजन आटोक्यात ठेवणं, मांडीचे स्नायू बळकट करणं आणि बैठक मोडत राहणं या सल्ल्याला संगणकाची वाट पाहायचं कारण नाही.

कूर्चेचं समीकरण कुठल्याही देशाचं नसतं. त्यात घातलेले आकडे देशाचे असतात. आजवर ते आकडे चालणाऱ्या, जिना उतरणाऱ्या, खुर्चीत बसणाऱ्या माणसांनी दिले. सेनगाव तालुक्यातल्या शेतांमधले आकडे त्यात गेल्याशिवाय हे शास्त्र या बायकांच्या गुडघ्यांबद्दल जे बोलेल, तो अंदाजच राहील.